वर्तन नोंदवायचे तीन कागद: मेंदूच्या दुखापतीनंतर कुठला कुठे चालतो

डोक्याला जबर मार लागलेला माणूस वाचतो, चालायला-बोलायला लागतो, आणि मग शिव्या, ढकलाढकली, दिवसभर एकच प्रश्न, रात्री कडी काढून बाहेर जाणं असं सुरू होतं. डॉक्टर विचारतात, "त्रास कितपत आहे?" उत्तर येतं, "खूप." या "खूप"वरून पुढच्या महिन्यात औषधाने फरक पडला की नाही हे सांगता येत नाही, आणि दुपारी काय बदलावं हेही ठरत नाही. त्यासाठी वापरात असलेल्या तीन कागदांचं हे परीक्षण: अजिटेटेड बिहेवियर स्केल (अस्वस्थता मोजणारं), ओव्हर्ट बिहेवियर स्केल (उघड दिसणारं वर्तन मोजणारं) आणि साधा एबीसी तक्ता (वर्तनाच्या आधी आणि नंतर काय झालं ते लिहायचा). तिन्ही कागद-पेनावर चालतात. पहिल्या दोघांची लघुरूपं एबीएस आणि ओबीएस अशी आहेत. फाइलीत ती हमखास एकमेकांच्या जागी लिहिली जातात, म्हणून इथे त्यांना अजिटेशन स्केल आणि ओव्हर्ट स्केल म्हटलं आहे.

तिघांची कामं वेगळी आहेत. निराशा बहुतेक वेळा एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेल्यामुळे पदरी येते.

अजिटेशन स्केल जॉन कॉरिगन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलं. ते रुग्णालयासाठीच आहे आणि तिथेच शोभतं. दुखापतीनंतरच्या ज्या काळात माणूस जागा असतो पण तारीख, जागा, कालची भेट यातलं काहीच डोक्यात टिकत नाही, त्या काळातली अस्वस्थता मोजायला ते केलेलं आहे. यात १४ बाबी येतात: लक्ष न टिकणं, उतावीळपणा, शुश्रूषेला विरोध, मारणं किंवा मारण्याची धमकी, अचानक भडकणं, डोलत किंवा कण्हत राहणं, नळ्या ओढणं, वॉर्डातून निघून जाणं, येरझाऱ्या, तेच ते करणं-बोलणं, भरभर किंवा मोठ्याने बोलणं, मूड झटक्यात बदलणं, सहज रडू-हसू फुटणं, स्वतःला इजा करणं. प्रत्येकीला १ ते ४ गुण. शून्य नाहीच, त्यामुळे अगदी शांत माणसाचीही बेरीज १४ येते, कमाल ५६. २१ पर्यंत ठीक, २२ ते २८ सौम्य, २९ ते ३५ मध्यम, त्यावर तीव्र. हे नातेवाइकांना कुणी समजावून सांगत नाही, आणि फाइलीत १६ दिसले की सोळा दोष सापडले असं त्यांना वाटतं.

वर्तन किती भयंकर दिसलं यावर यात गुण नाहीत. त्या वर्तनामुळे माणसाचं दुसरं योग्य काम किती अडलं, यावर आहेत. वर्तन आहे पण त्यापायी जेवण, कपडे, व्यायाम अडत नाही, तर २. अडतं, पण कुणी वळवलं की वळतो, तर ३. वळवूनही वळत नाही, तर ४. म्हणजे ३ की ४ हे ठरवायला आधी वळवून बघावं लागतं. पलंगापासून चार पावलांवर उभं राहून फॉर्म भरला की ४ पडतो. जवळ जाऊन शांतपणे दुसरं काही हातात दिलं की तोच माणूस ३ वर येतो. दोन पाळ्यांचे आकडे जुळत नसतील तर आधी हे तपासावं, रुग्ण बिघडला असं लगेच म्हणू नये. एकही ओळ रिकामी सोडायची नाही, आणि गुण पाळीच्या शेवटी त्या पूर्ण पाळीसाठी द्यायचे.

नुसती बेरीज बघणाऱ्यांनी अर्धा फायदा सोडलेला असतो. १४ बाबींचे तीन गट पडतात: ताबा सुटणं, आक्रमकता आणि भावना हेलकावणं. बेरीज २७ च राहिली पण आक्रमकता उतरून येरझाऱ्या वाढल्या, तर बांधून ठेवण्याऐवजी सोबत चालायला माणूस द्यायची वेळ आली आहे. बांधून ठेवल्याने अस्वस्थता बहुधा वाढते. पाहुणे एका वेळी एक-दोन, टीव्ही बंद, दिवे मंद, "मला ओळखलंस का?" अशा परीक्षा बंद, इतक्यानेही आकडा हलतो, आणि तो हलला हे दाखवायला हे स्केल उत्तम आहे.

याची मोठी फसवणूक गुंगीत आहे. झोपेचं इंजेक्शन दिलेला माणूस पाळीभर पडून राहतो आणि बेरीज १४-१५ येते. आलेख सुरेख उतरतो, माणूस मात्र मागे जात असतो: दिवसा झोप, रात्री जाग, गोंधळ आणखी लांबलेला. म्हणून बेरजेच्या शेजारी दोन गोष्टी लिहाव्यात, पाळीत किती तास झोप झाली आणि गुंगीचं कुठलं औषध किती वाजता दिलं. त्या मूळ फॉर्मवर नाहीत; समासात लिहिल्या तरी चालतं. आणि माणूस घरी गेला, रोजची आठवण सलग टिकू लागली, की हे स्केल बंद करावं. घरात नळ्या नसतात, वॉर्ड नसतो, आठ तासांची पाळी नसते. वॉर्डासाठी पाचपैकी चार. घरासाठी एक, तोही भिडेखातर.

ओव्हर्ट स्केल २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्लेन केली यांनी टॉड, सिम्पसन, क्रेमर आणि मार्टिन यांच्यासोबत मांडलं, आणि ते घरी किंवा वस्तीत राहणाऱ्यांसाठीच आहे. त्याचं मूळ युडॉफ्स्की आणि सहकाऱ्यांच्या १९८६ च्या आक्रमकतेच्या स्केलमध्ये आहे. पण घरचे फक्त मारामारीने थकत नाहीत, हे या नव्या मंडळींनी ओळखलं. इथे नऊ प्रकार आणि त्यांच्या मिळून ३४ पायऱ्या आहेत. शाब्दिक आक्रमकता, वस्तूंवर, स्वतःवर आणि इतरांवर हात उगारणं, अनुचित लैंगिक वर्तन, तेच ते करत राहणं, भटकणं, समाजात न शोभणारं वागणं आणि आपणहून काहीच सुरू न करणं. प्रत्येक पायरीसाठी तीन गोष्टी विचारतात: गेल्या तीन महिन्यांत किती वेळा, इतरांवर परिणाम किती, आणि त्यावर काय केलं जातं.

पायऱ्या हेच याचं बळ. "फार बोलतो" या तक्रारीत चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. नुसता आरडाओरडा, साधा अपमान, घाणेरड्या शिव्या आणि मध्यम धमक्या, आणि सरळ जिवे मारायची धमकी. पहिल्या पायरीसाठी खोली शांत करावी लागते, चौथीसाठी सुरक्षेची योजना लागते. लैंगिक वर्तनाच्या तर सहा पायऱ्या आहेत, आणि त्या असल्याने घरची बाई जे मोघम "तसं वागतात" म्हणून सोडून देते ते नेमकं विचारता येतं. अचकट बोलणं आणि जबरदस्ती करणं यांना एकाच शब्दात गुंडाळल्यामुळे आजवर एकाला नको इतकी शिक्षा आणि दुसऱ्याकडे नको इतकं दुर्लक्ष झालं आहे.

भरताना एक शिस्त पाळावी. घरातल्या दोन माणसांना एकत्र बसवून उत्तरं घेऊ नयेत. वडील "परिणाम" या रकान्यात २ सांगतात, बायको ५ सांगते; एकत्र बसले की दोघं ३ वर तडजोड करतात आणि खरी माहिती तिथेच जाते. दोघांच्या आकड्यातला फरकच सांगतो की वर्तन कुणासमोर होतं आणि भार कुणावर आहे. तीन महिने हा काळही लांब आहे. विचारल्यावर लोक गेला आठवडाच सांगतात. तीन महिन्यांतले ठळक दिवस, म्हणजे तपासणीची तारीख, एखादा समारंभ, घर बदललं असेल तर तो दिवस, आधी कागदावर मांडले की आठवणी त्याभोवती गोळा होतात.

उणीव एक ठळक आहे. आपणहून काही सुरू न करणं या प्रकाराला फक्त एक पायरी. कपाळामागच्या भागाला मार लागलेला माणूस पाणी समोर असून प्यायला उठत नाही, संडासला जायचं कळत असून जात नाही, आणि घरचे त्याला आळशी म्हणतात. हे वर्तन आवाज करत नाही, म्हणून ते सगळ्या कागदांवर शेवटी येतं. या स्केलने त्याला निदान जागा दिली, पण एक पायरी म्हणजे "आहे" किंवा "नाही" एवढंच. त्यासाठी दिवसातल्या कामांची यादी वेगळी ठेवावी आणि प्रत्येकासमोर किती वेळा सांगावं लागलं ते लिहावं. तरीही दर तीन महिन्यांनी एकदा भरायला, पुनर्वसन केंद्राकडे किती मदत हवी हे मांडायला, याच्याइतकं सोयीचं दुसरं हाताशी नाही. पाचपैकी साडेतीन.

पण ही दोन्ही स्केल्स किती आणि कुठलं हे सांगतात. का, हे सांगत नाहीत. तिथे एबीसी तक्ता लागतो, आणि घरासाठी तिघांतला तोच खरा कामाचा. गंमत अशी की सगळ्यात वाईट भरला जातो तोही हाच.

ए म्हणजे आधी काय झालं, बी म्हणजे वर्तन, सी म्हणजे नंतर काय झालं. छापील तक्त्यात तीन रकाने असतात आणि तेवढ्याने भागत नाही. "आधी" या रकान्याचे दोन भाग करावेत. जवळचं आधी म्हणजे शेवटची पाच मिनिटं: कोण जवळ होतं, कोण काय म्हणालं, शक्यतो त्याच शब्दांत, कुठलं काम चाललं होतं, आवाज किती. लांबचं आधी म्हणजे रात्रीची झोप, शेवटचं खाणं, शौचाला कधी झालं, दुखतंय का, औषध चुकलं का, दिवसात आधी काय काय होऊन गेलं. मेंदूला मार लागलेल्या माणसाचा थकवा लांबच्या रकान्यात सापडतो. सकाळी दोन तास तपासणीला बसवलेला माणूस दुपारी चार वाजता भांडं आपटतो, आणि जवळच्या पाच मिनिटांत काहीच सापडत नाही.

"वर्तन" या रकान्यात फक्त कॅमेऱ्याला दिसेल-ऐकू येईल तेवढंच. "खूप चिडला" हे चालत नाही. "टॉवेल फेकला, दोनदा ओरडला, दार लाथेने बंद केलं, साधारण चार मिनिटं" हे चालतं. "मुद्दाम केलं" हे तर अजिबात नको. तो निष्कर्ष आहे, आणि बहुतेक वेळा चुकीचा. "नंतर" या रकान्यात कुणी काय केलं आणि त्यातून त्याला काय मिळालं किंवा काय टळलं ते लिहायचं. आंघोळ टळली, आवाज बंद झाला, मुलगा धावत आला, मोबाइल परत मिळाला. आणखी एक प्रश्न स्वतःशी ठेवायचा: की काहीच मिळालं नाही आणि वर्तन आपोआप ओसरलं? तेही लिहावं, अशा नोंदींमागे बरेचदा वेदना, थकवा किंवा गोंगाट असतो.

नोंद अर्ध्या तासाच्या आत करावी. रात्री बसून दिवसभराची लिहिली की सगळ्या घटना एकाच रंगाच्या होतात. दोन आठवडे पुरतात. घटना रोज होत असतील तर एकच. आणि ज्या वेळी सहसा बिघडतं पण आज बिघडलं नाही, ती वेळही लिहायची. हे जवळजवळ कुणी करत नाही. नऊ वेळा आंघोळीच्या वेळी भडका उडाला आणि दोनदा नाही, तर उत्तर त्या दोन ओळींत असतं: त्या दिवशी कुणी नेलं, किती वाजता, पाणी आधीच काढून ठेवलं होतं का, किती सूचना दिल्या.

दोन आठवड्यांनी तक्ता वाचायचा तो मोजून. दिवसाचे दोन-दोन तासांचे भाग करून घटना कुठे जमतात बघायचं, मग माणसांप्रमाणे, मग कामांप्रमाणे. त्यातून एक वाक्य तयार व्हायला हवं, असं: "संध्याकाळी सहानंतर, टीव्ही चालू असताना, पाठीमागून कपडे बदलायला सांगितलं की तो ढकलतो, कारण त्याला सूचना समजायला वेळ लागतो आणि हात अचानक येतो, ढकललं की आपण सोडून देतो." असं वाक्य होत नसेल तर तक्ता अजून अपुरा आहे. झालं, तर बदल समोर दिसतो: टीव्ही बंद, समोरून यायचं, नाव घ्यायचं, एकच सूचना, मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं, मगच दुसरी. एका वेळी एकच बदल आणि तो दोन आठवडे. चार बदल एकदम केले की गुण कुणाचा ते कळत नाही, आणि नवा केअरटेकर आला की चारही सुटतात.

हा तक्ता मूळचा शाळेत आणि बालमानसशास्त्रात रुळलेला असल्यामुळे बरीच मार्गदर्शनं "नंतर" या रकान्यावर जोर देतात: चांगल्याला बक्षीस, वाईटाकडे दुर्लक्ष. मेंदूच्या दुखापतीत हा जोर चुकीच्या जागी पडतो. सकाळी ओरडला म्हणून संध्याकाळचा फेरफटका रद्द केला, पण सकाळ त्याच्या आठवणीत नाहीच. त्याच्या लेखी फेरफटका विनाकारण रद्द झाला आणि चिडायला नवं कारण मिळालं. कपाळामागचा भाग दुखावला की मनात आलेलं आणि हातून घडलेलं यांच्यामधला थांबा कमी होतो, त्यामुळे परिणामांची जाणीव असूनही तो थांबू शकत नाही. म्हणून काम करायचं ते "आधी"च्या रकान्यात. "नंतर"चा उपयोग एवढाच की आपण नकळत कशाला खतपाणी घालतोय ते कळतं. आणि जे लक्ष किंवा जी वस्तू ओरडून मिळत होती, ती साध्या मार्गाने आधीच मिळेल अशी व्यवस्था करायची. दर अर्ध्या तासाने कुणी जाऊन दोन मिनिटं बोललं, तर हाका मारायची गरज उरत नाही.

दुर्लक्ष करायचं ठरवलंच, तर पहिले काही दिवस वर्तन वाढतं. हाक ऐकू येत नाही म्हणून माणूस आवाज चढवतो, तसंच. घरच्यांना हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी धावून जातं, आणि माणूस शिकतो की आता आणखी मोठ्याने ओरडावं लागतं. इजा होऊ शकेल अशा वर्तनाकडे दुर्लक्ष हा उपाय नाहीच.

तेच ते प्रश्न हे वेगळं प्रकरण. ते लक्ष वेधायला असतात असं तक्त्यावरून वाटतं, कारण "नंतर" मध्ये प्रत्येक वेळी कुणीतरी उत्तर देतं. पण उत्तर टिकत नाही म्हणून प्रश्न परत येतो. भिंतीवर नजरेच्या उंचीवर पांढरा फळा, त्यावर मोठ्या अक्षरात आज काय आहे आणि कोण किती वाजता येणार. प्रश्न आला की उत्तर तोंडी न देता फळ्याकडे न्यायचं. रोज, सगळ्यांनी, सारखंच. पुरेशा वेळा केलं की काही जण स्वतःहून फळा बघू लागतात, कारण घटना लक्षात राहत नसली तरी सवय लागू शकते. आणि त्याने न घडलेली गोष्ट घडली म्हणून सांगितली तर वाद घालू नये. तो खोटं बोलत नसतो, आठवणीतली भोकं मेंदू भरून काढत असतो. "तुला काही झालेलंच नाही असं तुला वाटतं ना, मग..." अशी उलटतपासणी हमखास भडक्यावर संपते.

तक्ता भरायच्याही आधीची एक पायरी सगळे कागद विसरतात. वर्तन दोन-चार दिवसांत अचानक बदललं असेल तर रकाने आखत बसू नये. बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, दुखणारा दात किंवा खांदा, झोप मोडणं, फिट येऊन गेल्यानंतरचा गोंधळ, नवं औषध, ही कारणं आधी तपासून घ्यावीत. फिटसाठी दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासेटॅमने काहींच्यात चिडचिड आणि आक्रमकता वाढते. हे डॉक्टरांच्या कानावर घालावं, गोळी स्वतःहून बंद करू नये, कारण अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते. वाढती डोकेदुखी, उलट्या, सारखी झोप येणं, तोल जाणं यांच्यासोबत वर्तन बदललं तर त्याच दिवशी रुग्णालय.

भडका चालू असताना कुठलाच कागद कामाचा नाही. एकानेच बोलायचं, तेही कमी शब्दांत आणि खालच्या आवाजात. बाकीच्यांनी खोली सोडायची. दोन हातांचं अंतर ठेवायचं, दाराची वाट अडवायची नाही, हात धरायचा नाही. शांत झाल्यावर लगेच "असं का केलंस?" विचारू नये, त्याने बहुधा पुन्हा पेटतं. नोंद शेजारच्या खोलीत करावी.

तक्त्याला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो छापील नमुन्यांसाठी, त्यातला "आधी"चा रकाना इतका चिंचोळा असतो की "काही नाही" एवढंच मावतं. आडव्या कागदावर हाताने रेघा मारलेला बरा, "आधी"ला अर्धं पान देऊन. भरलेली पानं फ्रिजवर किंवा फळ्याशेजारी लावू नयेत. ज्याच्याबद्दल ती आहेत तोही ती वाचतो, आणि स्वतःच्या गुन्ह्यांची यादी भिंतीवर बघून कुणाचं वागणं सुधारत नाही. फाइलीत ठेवावीत. त्याने मागितली तर द्यावीत, न बिघडलेल्या वेळांच्या ओळींसकट, आणि शक्य असेल तर "आधी"च्या रकान्यात त्याला स्वतःला काय लिहावंसं वाटतं ते विचारावं. "मागून आलात" किंवा "आवाज फार होता" अशी नोंद बाहेरून बघणाऱ्याला दोन आठवड्यांतही सुचलेली नसते.